दादाने आणलेली अमरवेल

आमच्या गावात अमरवेल माझ्या दादाने आणली, असं अजूनही सांगतात. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी सांगणारच आहे, पण आधी दादाच्या केसांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. खाली भाताची खाचरं, वर माळावर नाचणी, वरई आणि खुरासणी, म्हणजे तेलाचे कारळे. दादा मुरबाडला एका कारखान्यात कामाला होता. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळच्या एसटीने यायचा आणि सुट्टीच्या दिवशी शेतात राबायचा. वय अठ्ठावीस. कष्टाळू, निर्व्यसनी, बोलायला मऊ. फक्त त्याचं कपाळ दर वर्षी थोडं थोडं मागे सरकत होतं. बाबा म्हणायचे, "याचं कपाळ बांध कोरत चाललंय. कोर्टात गेलं तरी ती जमीन आता परत मिळायची नाय."

मी तेव्हा बारावीला इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते. "बसले होते" हा शेजारणींचा शब्द. प्रत्यक्षात विहिरीचं पाणी, गुरं, लावणी, बेणणी, सगळं माझ्याच अंगावर होतं. आईच्या मते इंग्रजी सोडून बाकी सगळ्यात मी पास होते.

त्या वैशाखात दादासाठी शहापूरजवळच्या एका गावात मुलगी बघायला गेलो. बाबांचे केस पंचावन्नाव्या वर्षीही काळेभोर आणि दाट. दादाच्या शेजारी ते बसले, आणि तिथेच घात झाला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण मुलीच्या आत्याचा गोंधळ झाला. तिने पोह्यांची पहिली बशी नवरदेव म्हणून बाबांच्या हातात दिली होती. बाबा त्यावर दोन दिवस खूश होते. दादाने मात्र शहापूरच्या बाजारातून एक टोपी आणली आणि ती तो जेवतानाही काढेना.

ज्येष्ठाच्या शेवटी दादा कसल्याशा कागदासाठी पुन्हा शहापूरला गेला होता. परत येताना किन्हवलीमार्गे मुरबाडला येणाऱ्या एसटीत त्याच्या शेजारी एक माणूस बसला. त्या माणसाचे केस म्हणे एवढे दाट की कंगवा घातला तर मोडावा. त्याने दादाच्या टोपीकडे पाहिलं, टोपीखाली काय आहे ते ओळखलं आणि सांगितलं, "अमरवेल खुरासणीच्या तेलात उकळा. तीन महिने चोळा. माझं डोकं पण असंच होतं." मग खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, "ती बघा बोरीवर. नशीब तुमचं."

दादा तिथेच उतरला. बोरीचं झाड पिवळ्या दोऱ्यांच्या जाळ्याने झाकून गेलं होतं. त्याने पिशवी भरून ते दोरे ओरबाडले, बोरीच्या काट्यांनी हात रक्ताळून घेतले, पुढच्या गाडीची दोन तास वाट पाहिली आणि पिशवी मांडीवर घेऊन घरी आला. त्याने त्या माणसाचं गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. दाट केस पाहिल्यावर माणसाला दुसरं काही विचारायचं सुचत नसावं.

आम्ही पडवीत ती पिशवी सुपात उपडी केली. शेवयांच्या गुंत्यासारखं पिवळं, ओलसर काहीतरी बाहेर पडलं. आईने एक दोरा हातात धरून वरखाली पाहिला.

"ह्याला पान नाय, मूळ नाय. मग हे खातं काय?"

"दुसऱ्याच्या झाडावर बसून त्याचंच खातं," दादा म्हणाला. गाडीतल्या माणसाने एवढं ज्ञान दिलं होतं.

"घरजावई म्हण की," बाबा म्हणाले.

यावर आईने बाबांकडे नुसतं पाहिलं. कारण बाबा लग्नानंतर आईच्याच गावी राहायला आले होते. म्हणूनच तर गावातल्या सगळ्या बायका आमच्या माम्या लागत. बाबा उठून गुरांकडे गेले.

तेल उकळायला खुरासणीचं हवं होतं. आमच्या शेजारच्या मामीची खुरासणी गावात सगळ्यात चांगली. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटीच माळावरचं वावर सांभाळायची आणि घाण्यावरून आणलेल्या तिच्या तेलाला वासावरून ओळखता यायचं. आईने तिच्याकडून वाटीभर तेल मागून आणलं. कशाला ते सांगितलं नाही. मामी जिभेची तिखट होती; तिला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत दादाच्या टकलाची वार्ता टोकावड्याच्या एसटी थांब्यावर पोचली असती.

तेल उकळलं, घर धुराने आणि एका कडवट वासाने भरलं. दादा रोज सकाळी ते डोक्याला चोळून कामाला जायचा. त्याचा एक फायदा लगेच दिसला. भरलेल्या गाडीतही त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. महिन्याभराने त्याने मला उजेडात उभं करून विचारलं, "कपाळाच्या वर, डाव्या बाजूला बघ. काहीतरी आल्यासारखं वाटतंय का?" मी वाकून बघितलं. तिथे घामोळं आलं होतं. मी म्हटलं, "सुरुवात आहे." त्या एका खोट्यावर त्याने पंधरा दिवस माझं विहिरीचं पाणी भरलं.

उरलेली वेल टाकून द्यायची नव्हती. त्या माणसाने सांगितलं होतं, जमिनीत पुरू नका, हिरव्या झुडपावर टाकून ठेवा, जिवंत राहते. दादाने ती मागच्या कुंपणाच्या निरगुडीवर टाकली. आठवडाभर ती मरगळून पडलेली दिसली. मग आषाढातल्या पावसात तिने निरगुडीला विळखे घातले, आणि श्रावण संपेपर्यंत आमचं मागचं कुंपण हिरव्याचं पिवळं झालं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पिवळं लुगडं वाळत घातलंय. दादा खूश. "औषध वाढतंय," म्हणायचा. निरगुडीची पानं गळत होती, ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पिवळा रंग एवढा छान दिसत होता.

आता माझं अर्धं.

गणपतीला आमच्याकडे दर वर्षी तेच जुनं मखर असायचं, त्यावर तोच रंग उडालेला क्रेप कागद. मला त्याचा कंटाळा आला होता. कुंपणाकडे बघताना मला सुचलं. मी हातभर लांबीचे ते पिवळे दोरे तोडून आणले, त्यांच्या जुड्या बांधल्या आणि मखराच्या चारी बाजूंनी सोडल्या. देवघर उजळून निघालं. गावातल्या बाया बघायला आल्या. मामी तर दारातच थबकली. "अगो, सोन्याच्या तारा लावल्यात जशा! कुठनं आणल्यास?" मी म्हटलं, "रानातनं." नापास मुलीचं कौतुक करायला लोकांना फार कारणं सापडत नाहीत, त्या पाच दिवसांत माझं पोटभर कौतुक झालं.

गौरी-गणपती गेले. मूर्ती आणि फुलं नदीला गेली. मखरावरच्या जुड्या राहिल्या. देवापुढची वस्तू पायदळी येऊ नये म्हणून आईने सांगितलं, कुठेतरी आडबाजूला टाकून ये. नदीवर पुन्हा जायचा मला आळस. मी गुरं घेऊन माळावर निघालेच होते. त्या जुड्या मी वर मामीच्या वावराच्या बांधावर, करवंदीच्या जाळीत टाकल्या. करवंदीला लागून गुडघाभर वाढलेली खुरासणी डुलत होती. मी वेलीला हात जोडले आणि गुरांमागे गेले.

दसऱ्याच्या सुमाराला माळ फुलला. खुरासणीचं फूल पिवळंजर्द. मामी खाली येऊन सांगायची, "या साली माझा फुलोरा सगळ्यांच्या आधी आलाय. बांधाच्या बाजूला तर रोपं दिसतच नाय, नुसतं पिवळं!" आई म्हणायची, "तुझ्या हाताला गुण आहे." मामी मान हलवून ते मान्य करायची. आम्हीही वर जाऊन तो फुलोरा बघून आलो आणि तारीफ करून आलो. पिवळ्यात पिवळं, कुणाला काय कळणार?

कळलं ते दिवाळीच्या तोंडावर. बाकी माळावरची फुलं गळून बोंडं धरली. मामीच्या वावरात बांधाकडच्या बाजूला मोठमोठी पिवळी वर्तुळं मात्र तशीच राहिली. मामीने जवळ जाऊन बघितलं तर रोपं एकमेकांना दोऱ्यांनी जखडून आडवी पडली होती. बोंडात दाणा नाही. एक रोप ओढलं तर दहा हलायची. देवापुढच्या सोन्याच्या तारा आणि हा मळकट गुंता एकच, हे तिच्या मनातही आलं नाही.

मामीचा पहिला संशय करणीवर गेला. तिने एका काठीला लिंबू-मिरची बांधून ती काठी वर्तुळाच्या मध्यावर रोवली. चार दिवसांनी बघायला गेली तर वेल काठीवर चढून लिंबाला विळखा घालून बसली होती. मामी तशीच उलट्या पावली खाली आली आणि आमच्या पडवीत येऊन धापा टाकत म्हणाली, "साधीसुधी नाय गो ती. तिला मिरची पण झोंबत नाय."

दादा कोपऱ्यात जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. तोपर्यंत त्याला माहीतच नव्हतं की वर माळावर काय चाललंय.

त्याच आठवड्यात शेतकी खात्याचा साहेब भाताची पाहणी करायला गावात आला होता. मामीने त्याला दंड धरल्यासारखं वर नेलं. अर्धं गाव मागोमाग, आम्हीही. साहेबाने दोरा हातात घेतला आणि एका नजरेत ओळखला.

"ही अमरवेल. हिला स्वतःचं मूळ नसतं. रोपाच्या खोडात सोंडा घुसवते आणि रस पिते. आता फुलावर आलीय. बी पडलं की दहा वर्षं तुमच्या मातीत राहील. पीक सोडवायच्या भानगडीत पडू नका. वेलीसकट रोपं उपटा आणि जाळा." मग त्याने भोवती बघितलं. "पण ही इथे आली कुठून? जवळपास कुणाच्या कुंपणावर वगैरे आहे का?"

माळावरून खाली गाव दिसतं. ऊन लखलखीत होतं. सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. खाली आमच्या घरामागचं कुंपण हळदीच्या नवरीसारखं उठून दिसत होतं.

कुणी बोलायच्या आत दादा पुढे झाला. "मी आणली, मामी."

"तू? कशाला रे?"

दादाने टोपी काढली आणि मान खाली घातली. साहेबाने त्याच्या डोक्याकडे बघितलं, मग हळूच आपल्याही डोक्यावरून हात फिरवला, कारण तिथेही परिस्थिती तीच होती. मागे कुणीतरी हसलं. मामी हसली नाही. तिने आधी दादाकडे, मग वावराकडे बघितलं.

"म्हणजे माझ्याच तेलात उकळलीस?"

"होय मामी."

"आणि केस?"

"नाय आले."

"मग माझं तेल पण गेलं आणि माझी खुरासणी पण गेली."

साहेब मध्येच म्हणाला, "पण कुंपण खाली आहे. एवढ्या वर कशी आली?"

"पाय नाय तरी पोचली ना?" मामी म्हणाली. "आमच्या गावात चहाडीला तरी कुठं पाय असतात?"

मी सगळ्यांच्या मागे उभी होते. बोलायची वेळ हीच होती, हे मला पक्कं कळत होतं. मी जमिनीवरचा एक दगड फार लक्ष देऊन बघत राहिले. दगड साधाच होता.

मामीने तिथल्या तिथे निवाडा दिला. "आणलीस तू, आता उपटायची पण तूच."

दादाने मान डोलवली. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीला आणि कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत तो माळावर असायचा. आधी तो दोरे सोडवून रोपं वाचवायला बघायचा. एका रोपाला तासभर. मी जेवण घेऊन जायचे तेव्हा तो मांडी घालून, सुईत दोरा ओवावा तसा वाकून बसलेला दिसायचा. अपराधी माणूस किती नाजूक हाताने काम करतो ते मी तेव्हा पाहिलं, आणि मला स्वतःचा रागही आला. पण बोलले नाही.

मग कापणीच्या मदतीला मामीची भाची आली. मामीच्या बहिणीची मुलगी, तानसा तलावाकडच्या गावची. तिथे ती एका रोपवाटिकेत मजुरीवर जायची. चोवीस-पंचवीसची असेल, उंच, काटक आणि कामात अत्यंत हुकूमशहा. पहिल्याच दिवशी तिने वर जाऊन दादाचं ते दोरे सोडवणं बघितलं.

"हे काय करताय?"

"रोप वाचवतोय."

"रोप कधीच मेलंय. आणि दोरा तुटला की एकाचे दोन होतात. तुमी उपटत नाय, तुमी लावणी करताय."

दादाने आयुष्यात कधी कुणाकडून एवढं ऐकून घेतलं नव्हतं. त्याने निमूटपणे विचारलं, "मग कसं करू?"

तिने दाखवलं. पिवळं जिथे संपतं त्याच्या पुढे हातभर अंतरावरून सुरुवात करायची, चांगली दिसणारी रोपंही धरायची, बाहेरून आत उपटत जायचं. पिवळ्यात पाय टाकून तसंच चांगल्या रोपांत जायचं नाही. उपटलेलं फडक्यात बांधून न्यायचं, रस्त्यात एक तुकडा सांडायचा नाही. दादाने हातभर चांगली रोपं उपटताना डोळे मिटले. तिने लगेच हटकलं, "डोळे उघडून उपटा. नायतर माझा पाय उपटाल."

चार-पाच दिवसांनी ती विहिरीवर मला एकटीला भेटली. कमरेच्या पदरातून तिने काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. वाळलेल्या दोऱ्यांची एक जुडी होती, आणि तिला लाल क्रेप कागदाची पट्टी व्यवस्थित फुलासारखी गाठ मारून बांधलेली होती. बांधाजवळच्या करवंदीत, सगळ्यात मोठ्या वर्तुळाच्या तोंडाशी तिला ती सापडली होती.

"दादाच्या औषधाला फुलं पण बांधता का तुमी?"

माझ्या हातातला पोहरा विहिरीत पडला. तो काढेपर्यंत मला रडायला वेळ मिळाला. मी सगळं सांगितलं. मखर, आळस, मामीचं कौतुक, त्या दिवशी गप्प राहिले ते. ती काठावर बसून ऐकत होती. मी म्हटलं, "आताच जाऊन मामीला सांगते."

"नको," ती म्हणाली.

"का?"

"काम अर्धंच झालंय. तुमी सांगितलंत तर दादा सुटतील."

"मग मी येते ना उपटायला!"

तिने पोहरा माझ्या हातात दिला. "तुमी नका येऊ."

माझी बुद्धी त्या काळात इंग्रजीइतकीच चालायची. मला वाटलं, बाई कडक आहे, गुन्हेगाराला पूर्ण शिक्षा भोगायला लावतेय. खरं काय ते आठवड्याने कळलं. मी जेवण घेऊन वर गेले, तर वर्तुळं सगळी साफ झाली होती, जागोजाग नुसती तांबडी माती दिसत होती, आणि ती दोघं साफ झालेला पट्टा पुन्हा एकदा बारकाईने साफ करत होती. दादाच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती तिने झाडाखाली शिदोरी झाकायला घेतली होती. मी डबा ठेवून खाली आले. अर्ध्या वाटेवर आल्यावर मला हसू फुटलं ते घरी येईपर्यंत थांबेना. आईने विचारलं, "काय झालं गो?" म्हटलं, "मामीच्या वावरात वेल अजून बरीच आहे."

त्या साली मामीची खुरासणी निम्मीसुद्धा हाती आली नाही. दर हिवाळ्यात तिच्याकडून अख्ख्या आळीला खुरासणीची चटणी मिळायची, ती मिळाली नाही. बाबांनी आमच्या खुरासणीचं एक पोतं खांद्यावर टाकून तिच्या ओटीवर नेऊन ठेवलं. आमचंही नुकसान झालं. मागची निरगुडी मुळापासून तोडावी लागली. कुंपणाला लागून असलेल्या लिंबाच्या झाडावर वेल चढली होती. आईने त्याच्या फांद्या छाटू दिल्या नाहीत, म्हणाली हाताने वेचून काढते. तिने रोज दुपारी शिडी लावून वेचली. उन्हाळ्यापर्यंत अर्धं झाड वाळून गेलं, तेव्हा कुठे तिने कोयता मागितला. शेजारच्या दोन घरांचा अडुळसा गेला. विहिरीजवळच्या बोरीवर ती कशी पोचली ते देवाला माहीत. यात माझा हात नव्हता, हे मी शपथेवर सांगते. उपटलेल्या सगळ्याचा ढीग दादाने मोकळ्या खाचरात पेटवला. ओली वेल पेटेना, नुसता धूर. गाव दिवसभर खोकत होतं, आणि प्रत्येक खोकल्यामागून दादाच्या डोक्याची आठवण काढली जात होती.

मामीने भाचीला दादाशी लग्नाचं विचारलं तेव्हा आई आणि मी तिथेच होतो. मामी आडून बोलणारी नव्हती. "पोरगा राबणारा आहे, पण डोक्यावर काय नाय त्याच्या. पुढे म्हणशील, मावशीनं फसवलं."

भाची तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरंच आहे. भातात केस निघायचा नाय."

माघात लग्न झालं. लग्नाच्या आधी मी दादाला सगळं सांगून टाकलं. त्याला आधी राग आला, मग तो विचारात पडला. मग त्याने मला शपथ घातली की मामीला कळता कामा नये. "का?" म्हटलं. तो म्हणाला, "आता कशाला? झालं ते झालं. आणि तू त्या जुड्या नदीत टाकल्या असत्यास तर..." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. एवढा मोठा माणूस लाजतो कसा ते बघून मी माफ झाले असं समजले.

साहेब म्हणाला होता ते खरं ठरलं. बी मातीत राहिलं. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात वहिनी आणि दादा मामीच्या वावरात ओळी धरून फिरायचे, आणि जिथे पिवळा केसभर दोरा दिसेल तिथलं रोप मुळासकट काढायचे. पेरायच्या आधी वहिनी बियाणं बारीक चाळणीने चाळायची. अमरवेलीचं बी खाली पडायचं, ते चुलीत. तिचं बघून गावातल्या चार बायका चाळायला लागल्या. पहिल्या साली पाटीभर वेल निघाली, मग ओंजळभर, मग कुठे कुठे. पण लोकांची जीभ काही थांबली नाही. दादा बैठकीत बसला की कुणीतरी म्हणायचंच, "जरा सरकून बसा रे, रस पिईल." दादा हसून घ्यायचा. मामी तर प्रत्येक पाहुण्याला त्याची ओळख करून द्यायची, "हा माझा जावई. यानेच माझी खुरासणी खाल्ली."

मी दुसऱ्या खेपेला बारावी पास झाले आणि शहापूरला लग्न होऊन गेले. वर्षं गेली. दोन हजारानंतर माळावरची खुरासणी हळूहळू कमी झाली. तरणी पोरं मुरबाडला, कल्याणला कामाला जायला लागली. मामीचं वावर मात्र दादा-वहिनी पेरत राहिले. मामीचे गुडघे गेले होते. तिला माळावर चढता येत नव्हतं, ओटीवर बसून ती डोंगराकडे बघायची.

एका गौरीला मी माहेरी गेले होते. मामीच्या ओटीवर आम्ही सगळे बसलो होतो. कुणीतरी पाहुणी आली आणि मामीने नेहमीप्रमाणे सुरू केलं, "हा माझा जावई..." दादा नेहमीप्रमाणे हसला. त्याच्या उरल्यासुरल्या केसांत आता पांढरं आलं होतं. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मामी, वर ती याने नाय नेली. मी नेली."

आणि मी सांगितलं. पाहुणीसमोरच. मखरापासून करवंदीपर्यंत सगळं.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मग दादाकडे वळली. "मग एवढी वर्षं मी तुला बोल लावते, तू गप का रे?"

"मला लग्नाच्या वेळीच कळलं होतं, मामी."

"आणि तुला?" तिने वहिनीला विचारलं.

"मला त्याच्या आधी," वहिनी म्हणाली.

"म्हणजे सगळ्या घराला ठाऊक, आणि म्हातारी तेवढी एकटी मूर्ख?" मामीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. तिने काठी उचलून माझ्याकडे रोखली. "तू उद्या सकाळी माळावर जा. एकटी जा. सगळं वावर बघून ये. एक दोरा जरी सुटला ना, तर तुझ्या नवऱ्याला शहापूरला निरोप धाडते."

दुसऱ्या दिवशी मी गेले. साडी खोचली, डोक्याला फडकं बांधलं आणि ओळ धरून चालायला लागले. वावर मला पूर्वीपेक्षा मोठं वाटलं. खुरासणी गुडघ्यापर्यंत आली होती, पानं ओली, पायाला खरखरत होती. दुपार झाली, कंबर मोडली, काही सापडलं नाही. वहिनीने फार चोख काम केलं होतं. मग वरच्या टोकाला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, एका रोपाच्या खोडाला पिवळा दोरा दिसला. जेमतेम वीतभर. मी हातभर अंतरावरून सुरुवात केली, शेजारची पाच चांगली रोपं आधी उपटली, मग ते, आणि सगळं फडक्यात बांधून खाली आले.

मामी ओटीवरच होती. तिने फडकं उघडायला लावलं, चष्मा लावला आणि तो दोरा बोटाने वर उचलून बघितला. मग गाठोडं पुन्हा बांधून माझ्या हातात दिलं.

"चुलीत टाक. आणि तिथंच आहेस तर चहा ठेव, दोन कप. माझ्यात साखर कमी."